नोड बंद केला की लॉगिन का जातं

सातपूरच्या दोन सर्व्हरवर स्प्रिंग सेशन (जावा अ‍ॅपमधलं लॉगिन सेशन सर्व्हरबाहेर सामाईक जागी ठेवणारी लायब्ररी) आणि हेझलकास्ट (अनेक सर्व्हरच्या मेमरीत डेटा वाटून ठेवणारी प्रणाली) असूनही एक नोड, म्हणजे एक सर्व्हर, रीस्टार्ट केला की सगळे लॉगआउट होतात, असा प्रश्न एकाने विचारलाय. आधी हेझलकास्टच्या लॉगमधली मेंबर्सची (जोडलेल्या नोडची) ओळ पाहा. तिथे साइझ १ दिसली तर दोन्ही नोड एकमेकांना भेटलेलेच नाहीत. मग बॅकअप-काउंट (दुसऱ्या नोडवर ठेवायच्या जादा प्रतींची संख्या) १ असूनही प्रत ठेवायला दुसरी जागाच नसते. बहुधा नेटवर्कवर मल्टिकास्ट (सगळ्यांना एकदम हाक देऊन नोड शोधायची पद्धत) अडवलेलं असतं. हेझलकास्टच्या सेटिंगमध्ये मल्टिकास्ट बंद करून टीसीपी-आयपी जॉइनमध्ये (ठरलेल्या पत्त्यांवरून नोड जोडायच्या पद्धतीत) दोन्ही सर्व्हरचे पत्ते लिहा आणि पोर्ट ५७०१ दोन्ही बाजूंनी उघडा. दोनच नोड असताना बॅकअप २ करून काही मिळत नाही.

रीस्टार्ट एकेकच करा. पहिला परत जोडला जाऊन पार्टिशनचं (डेटाच्या तुकड्यांचं) स्थलांतर पुरतं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. घाई केली तर दोन्ही प्रती जातात.

सेशन ज्यात साठतात त्या हेझलकास्टच्या मॅपवर एलआरयू एव्हिक्शन (जागा भरली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेल्या नोंदी काढून टाकणं) मुळीच नको, त्यात चालू सेशनही गुपचूप उडतात.

आणखी एक, हे फार जणांच्या नजरेतून सुटतं: सेशनमधली यादी काढून तिच्यात नुसती भर घातली तर हेझलकास्टला बदल कळत नाही. सेशनमध्ये मूल्य ठेवणारं सेट-अ‍ॅट्रिब्यूट पुन्हा बोलवावंच लागतं.