‘खपलेल्या’ कादंबऱ्या म्हणजे विकलेल्या की वारलेल्या?

तापीकाठ :
अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी कपाटं आवरायला जातो. एक कपाट नुसतं जुन्या पॉकेटबुकांचं आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार नि काळापहाड, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, शिवाय अ‍ॅलिस्टर मॅक्लीनचे अनुवाद. त्यावर डकवायला मी लिहिलं, ‘एकेकाळी प्रचंड खपलेल्या थरारक कादंबऱ्या’. आमचे ग्रंथपाल नाना चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "खपलेल्या? मग कपाटात कशाला, तापीवर नेऊन ये." आमच्याकडे माणूस खपला म्हणजे गेला, हे मलाही ठाऊक आहे. पण पुस्तक खपतं असं अख्खा महाराष्ट्र म्हणतो. पाटी बदलू का? बदलायची तर काय लिहू?

अनुस्वार :
‘खपलेल्या’ चालेल, ‘थरारक’ काढा. वर्तमानपत्रांनी तो शब्द पार झिजवलाय. हल्ली क्रिकेटचा सामनाही थरारक असतो. ‘रोमहर्षक’ लिहा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे, ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’.

वांगंभरीत :
भाऊ, त्याच ओळीतला ‘वेपथु’ म्हणजे थरथरच ना? तुमच्याच श्लोकात थरार आधी आला, रोमहर्ष नंतर. आणि ‘हर्षक’ वाचून आमच्या पोराला विनोदी पुस्तक वाटेल. आम्ही म्हणतो ‘आंगवर काटा उना’. करा ‘काटाकथा’!

अनुस्वार :
हृष् म्हणजे आनंद होणे तसेच केस ताठ उभे राहणेही. अर्जुनाला तिथे आनंद झालेला नाही. पोराला समजावून सांगा.

जुनापाना :
पाटीचं तुम्ही बघा. मी भुसावळला रेल्वेत होतो. रात्रपाळीला निघताना फलाटावरच्या स्टॉलवरून एक अर्नाळकर घ्यायचा, पहाटेपर्यंत संपवायचा आणि सकाळच्या पाळीवाल्याला निम्म्या किमतीत द्यायचा. तो पुढे तिसऱ्याला. एक पुस्तक सहा जण वाचायचे, विकलं एकदाच जायचं. तेव्हा ‘खपलेल्या’ म्हणण्यापेक्षा ‘फिरलेल्या’ म्हणा. अर्नाळकरांनी हजारावर कथा लिहिल्या म्हणतात, त्यातल्या शे-दीडशे तरी माझ्या डब्याच्या पिशवीतून गेल्या असतील. तेलाच्या डागांसकट.

शब्दवेल्हाळ :
दोन मुद्दे. एक, ‘खपणे’चं मूळ संस्कृत ‘क्षप्’, म्हणजे क्षय. माल संपला म्हणून विकला, आयुष्य संपलं म्हणून मेला, अंगातली ताकद संपेस्तोवर राबला तो शेतात खपला. म्हणजे नानांचा अर्थ नि तुमचा अर्थ सख्खे भाऊ आहेत. दुसरा, इंग्रजी ‘थ्रिल’चा जुना अर्थ भोक पाडणे. ‘नॉस्ट्रिल’मधलं शेपूट तेच, नाकाचं भोक.

वांगंभरीत :
म्हणजे ‘छिद्रकथा’. आमच्या वाचनालयात वाळवीने तशा कितीतरी करून ठेवल्यात.

अनुस्वार :
गंभीर चर्चेत थट्टा नको. प्रमाण शब्द असताना बोलीतले आणायची गरज काय?

वांगंभरीत :
बोली म्हणून तुच्छ मानायचं कारण नाही, गुरुजी. मॅक्लीनच्या घरची भाषा स्कॉटलंडची गेलिक. इंग्रजी तो नंतर शिकला आणि त्याच इंग्रजीत 1957 साली ‘गन्स ऑफ नॅव्हारोन’ लिहिली. त्याला कोणी म्हटलं नाही, की आधी तुझी बोली शुद्ध करून ये.

शब्दवेल्हाळ :
बोली बदलून लिहिलं म्हणजे उदाहरण उलट तुमच्याच अंगावर येतं. असो. नॅव्हारोन बेट नकाशात शोधू नका, सापडणार नाही. मागची प्रेरणा मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या, ग्रीसजवळच्या लेरॉस बेटावरच्या 1943 च्या लढाईची.

तापीकाठ :
मंडळी, मूळ प्रश्न राहिला बाजूला. नाना म्हणत होते ते शब्दापुरतंच होतं का, अशी शंका येऊन मी पुस्तकांच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. मॅक्लीनच्या एका अनुवादावर 1986 ते 1991 मध्ये शिक्क्यांवर शिक्के, जांभळी शाई एकमेकांत मिसळलेली. मग 1998 चा एक. मग 2011 चा एक, तिरका. त्याखाली कोरं. शिरवळकरांचं बरं आहे, ‘दुनियादारी’वर सिनेमा आल्यापासून पोरं येऊन त्यांचं आणखी काही आहे का विचारतात. पण त्या पोरांना शिरवळकरांचेच नायक मंदार पटवर्धन नि फिरोज इराणी दिले की चार पानं चाळून परत ठेवतात.

जुनापाना :
पोरांना फोन ठेवून खलनायकाची वाट बघायची सवय नाही. आम्हाला दुसरं होतं काय? सिग्नल पडेपर्यंत बसायचं.

अनुस्वार :
वाचक गेले ते भाषा पातळ झाल्यामुळे. म्हणून सांगतोय, रोमहर्षक.

वांगंभरीत :
रोमहर्षक लिवशात तर उरलेला वाचक बी खपी जाई.

शब्दवेल्हाळ :
‘खपी जाई’ म्हणजे इथे कुठला अर्थ?

जुनापाना :
तापीकाठ, ती नॅव्हारोन आहे का कपाटात? असली तर शनिवारी येतो. अर्धी वाचली होती, सकाळची पाळी आली नि द्यावी लागली. तोफा उडतात का, हे अजून माहीत नाही.

तापीकाठ :
आहे. शेवटची आठ पानं नाहीत.