अकरावा सीझन आणि शुभा आत्या

ग्रुप: आपण सगळे

शुक्रवार

मी (रात्री ९.४०): आत्या, एलियन आणि अजब केसेसचा छडा लावणाऱ्या एफबीआयवाल्या मल्डर-स्कलीची तुझी ती मालिका, ‘द एक्स फाइल्स’, तिचा दहावा सीझन संपला. हा काय शेवट आहे? साथ पसरलीय, मल्डर मरायला टेकलाय, स्कली पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलीय, वरून यान येतं आणि... संपलं??

शुभा आत्या: सहाच भाग होते गं त्या सीझनला. तू निदान पुढचा भाग आत्ता लावू शकतेस. २२ फेब्रुवारी २०१६ ला आम्ही ते यान बघितलं आणि ३ जानेवारी २०१८ पर्यंत ते तसंच पुलावर लटकत होतं.

मोठे काका: एलियन आले का?

शुभा आत्या: दादा, तू झोप.

मी (रात्री १०.५५): आत्याऽऽऽ! स्वप्न होतं???

शुभा आत्या: दृष्टांत म्हणे. स्कलीला झटका येतो आणि सगळा दहावा शेवट तिच्या डोक्यात घडलेला असतो. गोष्ट सांगता सांगता पेंगलेले आजोबा पुढचं सुचलं नाही की म्हणायचे ना, “आणि राजाला जाग आली”, तसलं. मालिका रचणाऱ्या ख्रिस कार्टरला आजोबांचं वय तरी कुठे होतं तेव्हा.

मी: आणि तो सिगारेटवाला खलनायक म्हातारा काय म्हणतोय? स्कलीचा विल्यम त्याचा मुलगा?? मी थांबवून परत लावलं. मला वाटलं चुकीचं ऐकलं.

शुभा आत्या: नाही, बरोबर ऐकलंस. माझं डोकं तिथेच फिरलं. सातव्या सीझनमध्ये ‘एन आमी’ नावाचा भाग आहे. स्कली त्या म्हाताऱ्याबरोबर गाडीने जाते आणि सकाळी उठते तर वेगळ्याच खोलीत, अंगावर रात्रीचे कपडे. गंमत म्हणजे तो भाग लिहिला होता विल्यम बी. डेव्हिसने, म्हणजे सिगारेटवाल्याचं काम करणाऱ्या नटानेच. तेव्हाच अंगावर काटा आला होता, पण विषय तिथे मिटला होता. अठरा वर्षांनी कार्टरने तो उकरून काढला आणि म्हणे त्या रात्री विज्ञानाच्या मदतीने गर्भ राहिला.

डॉ. काकू: संमती न घेता? याला आमच्याकडे सरळ गुन्हा म्हणतात. त्यांनी तर सीझनची सुरुवात त्यावर केली.

शुभा आत्या: तेच ना वहिनी. आणि ही पहिली वेळ नाही. दुसऱ्या सीझनमध्ये तिला पळवून नेतात. ती कल्पनासुद्धा का आली, तर स्कलीचं काम करणारी जिलियन अँडरसन खरोखर गरोदर होती आणि तिला काही भाग पडद्यावरून बाजूला ठेवायचं होतं. मग मानेत चिप, मग कॅन्सर, मग मूल होणार नाही, मग तिची मुलगी एमिली सापडते आणि जाते, मग विल्यम होतो आणि त्याला दत्तक द्यावं लागतं. मल्डरला नुसते प्रश्न पडतात, आणि उत्तरं शोधायला दर वेळी हिचं शरीर.

निखिलदादा: आत्या टायपिंग... आत्या टायपिंग... मी जेवून आलो तरी आत्या टायपिंग.

शुभा आत्या: तू गप रे. याच बाईला २०१६ च्या पुनरागमनासाठी आधी मल्डर झालेल्या डेव्हिड डुकोव्हनीच्या निम्मं मानधन देऊ केलं होतं. तिने स्वतः ते जाहीर सांगितलं. म्हणजे पडद्यावर तेच, पडद्यामागे तेच.

आई: शुभाताई, ऋताला सकाळी उठायचंय.

शनिवार

मी: दुसरा भाग झाला. मल्डरच्या त्या तीन संगणकवेड्या मित्रांतला लँगली फोनमध्ये दिसतो! तो नवव्या सीझनमध्ये गेला होता ना?

शुभा आत्या: हो, तिघेही गेले होते. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत पुरले होते. इथे त्याचं मन कुणीतरी उचलून संगणकात ठेवलंय आणि तो आतून ओरडतोय की हे बंद करा. कल्पना झकास आहे, पण चाळीस मिनिटांत गोळीबार इतका की तिच्याशी बसून दोन शब्द बोलायला कुणाला वेळ नाही.

मोठे काका: लँगली म्हणजे लांब केसांचा, चष्मेवाला ना?

शुभा आत्या: तुला कसं माहीत?

मोठे काका: तू बघायचीस तेव्हा मी त्याच खोलीत पेपर वाचायचो.

मी (रात्री ११.२०): तिसरा बघितला. ‘प्लस वन’. आत्या, हा खूपच आवडला.

शुभा आत्या: मला माहीतच होतं. जुळी भावंडं दोन वेगळ्या जागी बसून मनातल्या मनात हँगमन हा शब्द ओळखायचा खेळ खेळतात आणि शब्द पुरा झाला की तिकडे कुणीतरी मरतं. भावाचं आणि बहिणीचं, दोन्ही कामं एकाच बाईने केलीत, कॅरिन कोनोवाल. चौथ्या सीझनच्या ‘होम’मधली ती खाटेखालची आई आठवते का? तीच ही.

निखिलदादा: आत्या, रात्री अकरा वाजता ती खाट कशाला आठवून दिलीस?

मी: पण मला ते मोटेलमधलं बोलणं आवडलं. दोघं पडून म्हातारपणाबद्दल बोलतात.

शुभा आत्या: या सीझनची सगळी पुंजी तिथे आहे बघ. ती विचारते, तुला कुणी तरुण भेटली, तिला मूल हवं असलं तर? तो काय बोलतो त्यापेक्षा तो किती वेळ लावतो ते बघ. १९९३ मध्ये ही दोघं एकमेकांना आडनावाने हाक मारत तळघरात बसली होती. इतक्या वर्षांनी अजूनही आडनावानेच हाक मारतात, फक्त आता त्यात सगळं मावतं. जुनी मालिका परत आणायची तर याच्यासाठी आणावी. जगबुडी आणि कारस्थानं तरुण नटांकडूनही करून घेता येतात.

रविवार

निखिलदादा: ऋता, सातवा आला की सांग. त्याचं नाव म्हणजे अक्षरं-आकड्यांची गिचमीड आहे. मी ते बेस ६४ या संगणकाच्या सांकेतिक लिपीतून उलगडलं, ‘फॉलोअर्स’ निघालं.

मी: अरे वा, मला वाटलं टीव्ही बिघडला.

शुभा आत्या: जवळजवळ संवादच नाहीत त्या भागात. दोघं यांत्रिक हॉटेलात जातात, मल्डरच्या पुढ्यात भलताच मासा येतो, तो टिप द्यायचं नाकारतो आणि मग शहरातली सगळी यंत्रं मागे लागतात. ड्रोन, गाडी, घर, सगळं. शेवटी दोघं साध्या हॉटेलात बसतात, फोन बाजूला ठेवतात आणि ती त्याचा हात धरते.

आई: बघा. फोन बाजूला ठेवा.

निखिलदादा: काकू, हे तुम्ही फोनवरूनच लिहिलंत 😂

मी (संध्याकाळी): मी अजून सहाव्यावर आहे. ‘किटन’. मल्डर-स्कलीचा साहेब स्किनर, त्याचं व्हिएतनाम वगैरे. हेली जोएल ऑस्मेंट बापही तोच आणि मुलगाही तोच. पण स्किनर कसला आवडला आज! मल्डर-स्कलीवर विश्वास ठेवला म्हणून बढती गेली, हे किती साधेपणाने सांगतो तो.

मोठे काका: म्हणून तर शेवटी त्याला गाडीखाली जाताना बघवत नाही.

शुभा आत्या: दादा!!!!

मी: काय???

शुभा आत्या: डिलीट कर. आत्ताच्या आत्ता.

मोठे काका: कसं करतात?

निखिलदादा: बाबा, मेसेज दाबून धरा.

मोठे काका: केलं.

निखिलदादा: बाबा, तुम्ही फक्त स्वतःपुरतं डिलीट केलंत. आम्हाला सगळ्यांना दिसतंय.

शुभा आत्या: पेपर वाचत होतास ना? २०१८ मध्ये कुठला पेपर रे?

मोठे काका: तुझ्या वहिनीला विचार.

डॉ. काकू: अकरावा सीझन यांनी दोनदा बघितलाय. मला बोलायला बंदी होती.

बुधवार

मी (रात्री १२.०५): संपला. कुणी जागं आहे?

शुभा आत्या: आहे. लिही.

मी: मला रडू यायला हवं होतं, पण मी नुसती घड्याळ बघत होते. सिगारेटवाला मल्डरला गोळी घालतो, तो मल्डर नसतोच, विल्यम मल्डरचं रूप घेऊन आलेला असतो. मग खरा मल्डर म्हाताऱ्यावर गोळ्या झाडून त्याला पाण्यात ढकलतो. म्हाताऱ्याला सामील झालेल्या रेयीसला स्किनर मारतो, स्किनर गाडीखाली. मोजून पाच मिनिटांत सगळ्यांचा हिशेब. आणि मग स्कली सांगते, मी गरोदर आहे.

डॉ. काकू: मालिकेतली तिची जन्मतारीख २३ फेब्रुवारी १९६४. शेवटचा भाग २१ मार्च २०१८ चा. ५४ वर्षं. मला काही बोलायचं नाही.

शुभा आत्या: वहिनी, वय सोडा, या मालिकेत माणसं भिंतीतून जातात. माझं भांडण दुसरंच आहे. पाचवा भाग आठव गं ऋता, ‘घूली’. शवागारात तो मुलगा पडलाय, तो आपला विल्यम असेल असं हिला वाटतंय, आणि ती त्याच्याशी एकटी बोलते. माफी मागते. कॅमेरा हलत नाही, संगीत जवळजवळ नाही. ती बाई नुसत्या चेहऱ्यावर सतरा वर्षं दाखवते. हे जिने केलं तीच स्कली शेवटच्या भागात, मुलगा गोळी खाऊन पाण्यात पडल्यावर मल्डरला सांगते की तो आपला मुलगा नव्हताच, एक प्रयोग होता, मी त्याची आई व्हायला नव्हतेच. आणि पुढच्या श्वासात नवं बाळ. एक हरवलं तर दुसरं घ्या!

मी: हो. मला तेच सांगता येत नव्हतं. तिच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य आल्यासारखं वाटलं.

शुभा आत्या: पाचवा भाग जेम्स वाँगने लिहिला आणि दिग्दर्शित केला, दहावा कार्टरने. दोघांच्या कपाटात दोन वेगळ्या स्कली आहेत. कार्टरला ती गोष्ट पुढे ढकलायला लागते. आणि हे मी त्याला देणं लागत असूनही म्हणते, कारण तिला जन्माला त्यानेच घातलं. कॉलेजात असताना मी डॉक्टर नाही तर पोलीस व्हायचं ठरवलं होतं, ते तिच्यामुळे.

निखिलदादा: आणि झालीस अकाउंटंट.

शुभा आत्या: तिच्यासारखा पुरावा मागते ना अजून?

मोठे काका: शुभे, मी वेगळं म्हणतो. तो मुलगा मल्डरचं रूप घेऊन तिच्यासमोर येतो आणि सांगतो ना, त्याला जाऊ दे म्हणून. ते तिला कळलेलं असतं. नंतर ती जे बोलते ते मल्डरला सावरायला. पोराला मोकळं सोडण्यासाठी खोटं बोलते ती. आणि तो पाण्यातून वर येतोच की.

शुभा आत्या: ...

निखिलदादा: आत्या टायपिंग नाही! स्क्रीनशॉट काढा.

शुभा आत्या: दादा, चांगलं आहे हे. पण हे त्या भागात कुठे आहे? ते तू भरलंस. पंचवीस वर्षं प्रेम केलेल्या माणसाने रिकाम्या जागी आपलं काहीतरी घातलं. मीही घातलं असतं, पण २१८ भाग झाल्यावर शेवटची रिकामी जागा तरी त्यांनी भरायला नको का?

मोठे काका: असेल. मला तसंच बघायला आवडतं.

मी: मग आत्या, तुझ्यासाठी शेवट कुठला?

शुभा आत्या: चौथा. डॅरिन मॉर्गनचा, तो रेजी नावाचा वेडा माणूस येतो आणि म्हणतो एक्स फाइल्स सुरू मीच केल्या, तुम्ही विसरलात. कुणाची आठवण खरी, यावर सगळा धुडगूस. याच मॉर्गनला १९९६ मध्ये ‘क्लाइड ब्रुकमन’च्या भागासाठी टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं होतं. माणूस हसवता हसवता खिशातून काहीतरी काढून घेतो आणि घरी गेल्यावर कळतं.

मी: मला तो नुसता विनोदी वाटला होता. घाईत बघितला मी.

शुभा आत्या: शेवट आठव. लहानपणची ती जेली, जिचं नावही सापडत नव्हतं, ती स्कलीच्या समोर असते. चमचा तोंडाजवळ नेते.

मी: आणि खाते?

शुभा आत्या: नाही खात. जसं होतं तसंच लक्षात राहू दे म्हणते. मी सीझन दहावा भाग न बघताच संपवायला हवा होता.

मोठे काका: चौथा भाग मी उद्या रात्री मोठ्या टीव्हीवर लावतोय. ऋता, येतेस का?

मी: येते.

शुभा आत्या: मीही येते. शेवटची पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, दादा, तू तर अजिबात नाही.

आई: त्यात एलियन येतात का?

मोठे काका: एकच येतो. मल्डरच्या हातात सगळ्या उत्तरांचं पुस्तक देतो आणि सांगतो, आता आमच्याकडे येऊ नका.