साधं टॉप-अप नको, सुपर टॉप-अपच घ्या
ऑफिसची ५ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी आहे, त्यावर टॉप-अप (त्यापुढच्या खर्चासाठीचा जादा विमा) पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. घ्याच, पण सुपर टॉप-अप घ्या. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल (ज्या रकमेपर्यंतचा खर्च टॉप-अप देत नाही ती रक्कम, इथे ५ लाख) दर वेळच्या क्लेमला वेगळं मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात.

आमचं साधं टॉप-अप होतं, आणि आईला एकाच वर्षात दोनदा ॲडमिट करावं लागलं. बिलं ४ लाख आणि ३ लाख. मूळ पॉलिसीचे ५ लाख संपले, पण एकही बिल एकट्याने ५ लाखांच्या वर गेलं नव्हतं, म्हणून टॉप-अपमधून एक रुपया मिळाला नाही. उरलेल्या २ लाखांसाठी बाबांनी कोथरूडच्या बँकेतली एफडी मोडली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

रूम रेंटची मर्यादाही बघा. महागडी खोली घेतली की नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फीसुद्धा त्या प्रमाणात कापली जाऊ शकते.

आणि बीपी, शुगर काही असेल तर फॉर्मवर लिहाच, एजंट काहीही म्हणो. २०२४ च्या नियमानुसार आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३ वर्षं असतो. नोकरी सुटली तर ऑफिसची पॉलिसीही जाते आणि टॉप-अपच्या खालचे ५ लाख आपल्यालाच भरावे लागतील, म्हणून स्वतःची छोटी पॉलिसी आत्ताच सुरू करा.