लाईनवरून ट्रेनिंग हॉलमध्ये: फॅसिलिटेटरचं काम नेमकं काय असतं?

शिफ्टबदल

चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या प्लान्टमध्ये क्वालिटीला आहे. नव्याने सुपरवायझर झालेल्या २४ जणांसाठी दोन दिवसांचा कार्यक्रम घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. सगळे ऑपरेटरमधून वर आलेले, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले, वय २६ ते ४८. वरून सूचना एवढीच, की 'त्यांचं कम्युनिकेशन सुधारा'. एचआरने ११० स्लाइड पाठवल्या आहेत. पत्रात मात्र माझ्या नावापुढे 'ट्रेनर' नसून 'फॅसिलिटेटर' लिहिलंय. हा फरक फक्त नावाचा आहे का? स्लाइड वाचून दाखवायच्या नसतील तर दोन दिवस करायचं काय, आणि तयारी कुठून सुरू करू? हातात तीन आठवडे आहेत.

गेजब्लॉक

फरक नावाचा नाही. अग्निशामक सिलिंडर कसा वापरायचा, नव्या गेजवर माप कसं घ्यायचं, हे शिकवताना बरोबर उत्तर एकच असतं आणि ते शिकवणाऱ्याकडे असतं. तिथे ट्रेनर लागतो. चुकलेल्या ऑपरेटरशी कसं बोलायचं, दोन ऑपरेटरांचं वाजलं तर काय करायचं, याचं उत्तर माणूस आणि प्रसंग बघून बदलतं, आणि त्यातलं बरंचसं त्या २४ जणांना आधीच ठाऊक असतं. ते बाहेर काढायचं, एकमेकांपुढे तपासून घ्यायचं आणि लाईनवर वापरता येईल असं करून परत द्यायचं, हे फॅसिलिटेटरचं काम. कंपनीत दोन्ही कामं बहुतेक एकाच माणसाला करावी लागतात, म्हणून कुठे सांगायचं आणि कुठे विचारायचं हे आधीच ठरवून सत्राच्या आराखड्यात लिहून ठेवा.

आता तयारी. 'कम्युनिकेशन सुधारा' ही तक्रार आहे, तिच्यातून गरज शोधायची आहे. पहिल्या आठवड्यात चार-पाच सेक्शन इन्चार्जना प्रत्येकी २० मिनिटं भेटा आणि एकच प्रश्न विचारा: 'सुपरवायझर काय करतो किंवा करत नाही, म्हणून तुम्हाला मध्ये पडावं लागतं?' उत्तरं ठोस येतात. शिफ्ट संपताना पुढच्या सुपरवायझरसाठीच्या हँडओव्हर रजिस्टरमध्ये नुसतं 'ओके' लिहून निघून जातात. नवा ऑपरेटर दिला की 'बाजूला उभा राहा, बघून शिक' म्हणतात. पीस रिजेक्ट झाला की सगळ्या लाईनसमोर झापतात. मग तिन्ही शिफ्टच्या बदलाच्या वेळी, आधी दहा आणि नंतर दहा मिनिटं, लाईनवर उभे राहा. काही बोलू नका, फक्त बघा आणि टिपून घ्या.

यातून तीनच वर्तनं निवडा, आणि डोळ्यांना दिसतील अशी लिहा. 'हँडओव्हरचं महत्त्व समजेल' हे कोणालाच तपासता येत नाही. 'चालू बिघाड, होल्डवरचा (रोखून ठेवलेला) माल, बदललेली सेटिंग आणि गैरहजर माणसं या चार गोष्टी पुढच्या सुपरवायझरला मशीनपाशी उभं राहून तोंडी सांगतो आणि रजिस्टरमध्येही लिहितो' हे तपासता येतं. हे एकदा ठरलं की ११० पैकी १२-१५ स्लाइड उरतील. बाकीच्यांतलं कामाचं तेवढं दोन पानांवर छापून हातात द्या.

खडूफळा

वरचं सगळं पटलं. मी एका सत्राची आतली रचना देतो, कारण गाडी घसरते ती तिथेच. विषय घ्या 'चुकलेल्या ऑपरेटरशी बोलणं'. वेळ ९० मिनिटं.

तिघा-तिघांचे गट करा. २४ जणांचे बरोबर आठ गट होतात. एक सुपरवायझर, एक ऑपरेटर, एक निरीक्षक. तिघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या. सुपरवायझरच्या चिठ्ठीवर: 'याच्या मशीनवरच्या तीन पीसवर आज बर (कडेला राहिलेली धातूची धार) सापडला. पाच मिनिटांत बोलून घ्या.' ऑपरेटरच्या चिठ्ठीवर: 'काल दुपारपासून टूल बोथट वाटतंय. आधीच्या शिफ्टला सांगितलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही. हे आपणहून सांगायचं नाही. नीट विचारलं तरच सांगायचं. आवाज चढला तर गप्प बसायचं.' निरीक्षकाने मत द्यायचं नाही, मोजायचं: सुपरवायझरने प्रश्न किती विचारले, 'तू नेहमी' किंवा 'तुम्ही लोक' अशी वाक्यं किती आली, आणि टूलची गोष्ट कितव्या मिनिटाला बाहेर आली. आलीच नसेल तर तसं लिहायचं.

पाच मिनिटं प्रसंग, तीन मिनिटं निरीक्षकाचे आकडे, मग भूमिका बदला. तिन्ही फेऱ्यांना चिठ्ठ्यांचा वेगळा संच लागतो, नाहीतर दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांना उत्तर माहीत असतं. तीन फेऱ्यांची २४ मिनिटं, चिठ्ठ्या वाटण्याबदलण्यात आठ-दहा. सुरुवातीला विषयाची ओळख आणि सूचना मिळून १५. म्हणजे चर्चेला ४० मिनिटं उरतात, आणि ती तेवढीच उरली पाहिजेत. नेहमीची चूक हीच की खेळ रंगतो, फेऱ्या लांबतात आणि शेवटी दहा मिनिटांत 'काय शिकलो' विचारून चहाला सोडतात. माणूस शिकतो ते घडलेल्यावर विचार करताना. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र हेच सांगतं: अनुभव, त्याच्याकडे वळून बघणं, त्यातून नियम काढणं, तो पुन्हा वापरून बघणं. आपल्याकडे पहिल्या पायरीवरच वेळ संपतो.

चर्चेत आधी ऑपरेटर झालेल्यांना बोलू द्या, मग निरीक्षकांचे आकडे, सुपरवायझर सर्वांत शेवटी. क्रम उलटा केला की सुपरवायझर स्वतःची बाजू मांडायला लागतो आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. प्रश्न या ओळीने जावेत: काय घडलं, कशामुळे घडलं, आपल्या लाईनवर असं कधी होतं, परवा कामावर गेल्यावर काय वेगळं करणार. प्रश्न टाकला की मनात आठपर्यंत मोजा. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणून आपणच बोलून टाकलं की हॉलला कळतं, हे स्वतःच उत्तर देतात. त्यानंतर दिवसभर कोणी तोंड उघडत नाही.

आणि चार्टवर त्यांचेच शब्द लिहा. कोणी म्हणालं 'त्याला आधी मोकळं होऊ द्यावं', तर तेच लिहायचं. तिथे 'सक्रिय श्रवण' लिहिलं की वाक्य त्याचं राहत नाही.

कोरा_चार्ट

हॉलकडे दुर्लक्ष करू नका. शाळेसारख्या रांगा लावल्या तर मागचे दहा जण पहिल्या तासातच हरवतात. चार जणांची सहा टेबलं लावा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे एकमेकांना दिसतात. तिघांच्या गटांसाठी खुर्च्या सरकवायला भिंतीकडेने जागा मोकळी ठेवा. कोणी आलं नाही आणि २३ झाले तर एका गटात दोनच जण राहतात. त्यांना दुसऱ्या दोन गटांत जादा निरीक्षक म्हणून बसवा, भूमिका बदलताना त्यांनाही पाळी मिळते.

सामान: चार्ट पेपर ३०, काळे आणि निळे मार्कर (लाल आणि हिरवा मागून वाचता येत नाहीत), मास्किंग टेप, चिठ्ठ्यांचे संच प्रत्येकी दोन जादा. अक्षर निदान दीड इंच उंच, एका कागदावर सात-आठ ओळींपेक्षा जास्त नको. व्हाइटबोर्डवर चुकून परमनंट मार्कर चालला तर त्यावरूनच व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा आणि ओला असतानाच पुसा, निघतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हजेरीच्या यादीत आदल्या रात्री तिसऱ्या शिफ्टला कोण आहे ते बघा. रात्रभर उभा राहून सकाळी थेट हॉलमध्ये आलेला माणूस अकराला पेंगणारच, आणि दोष त्याच्या वृत्तीला दिला जातो. प्लॅनिंगवाल्यांशी आठवडाभर आधी बोलून अशा माणसांची शिफ्ट बदलून घ्या. जेवणानंतरचं पहिलं सत्र नेहमी उभ्याने करायचं ठेवा. तिथे स्लाइड नकोतच.

शिफ्टबदल

खूप कामाचं मिळतंय, आभार. चार शंका आहेत. वयाने मोठे आहेत ते बोलत नाहीत आणि दोघं-तिघं मात्र थांबत नाहीत. चर्चा सुरू झाली की गाडी कॅन्टीन आणि ओव्हरटाइमवर जाते. प्लान्ट हेड म्हणतात, 'मी मागे बसून बघतो.' आणि सुरुवातीला एखादा खेळ घ्यायचा का?

गेजब्लॉक

न बोलणाऱ्यांना सगळ्यांसमोर बोट दाखवून विचारू नका. ४८ वर्षांच्या माणसाला २६ वर्षांच्यांसमोर चुकायचं नसतं. आधी दोन मिनिटं एकट्याने कागदावर लिहायला सांगा, मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं बोलणं, मग टेबलाने मिळून एक मुद्दा सांगणं. तोवर त्यांचं वाक्य तयार झालेलं असतं. 'काका, तुमच्या टेबलावर काय निघालं?' असं विचारलं की ते मोकळेपणाने बोलतात. न थांबणाऱ्याला गप्प करू नका, काम द्या. चार्टवर लिहायला उभं करा किंवा निरीक्षक करा. मध्येच तोडायची वेळ आली तर त्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगा आणि लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळा.

कॅन्टीनसाठी भिंतीवर एक वेगळा चार्ट लावा, 'नंतर बघायचे मुद्दे'. आलेला मुद्दा सांगणाऱ्याच्याच शब्दांत तिथे लिहा. पण तो चार्ट संध्याकाळी एचआरकडे गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'कोणता मुद्दा कोणाकडे दिला' हे सांगितलं पाहिजे. नुसता भिंतीवर राहिला तर पुढच्या बॅचला तोंड दाखवता येणार नाही.

प्लान्ट हेडना मागे बसवू नका, यात तडजोड नको. ते बसले की रोल प्ले नाटकी होतात आणि चर्चेत सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात. त्यांना सुरुवातीची दहा मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात सुपरवायझरांनी 'आम्ही हे करणार, त्यासाठी आम्हाला हे लागेल' असं मांडायचं आणि प्लान्ट हेडनी जागच्या जागी हो किंवा नाही सांगायचं.

खेळाच्या मी विरोधात आहे. कागदाचा मनोरा बांधून लाईनवर काही बदलत नाही.

कोरा_चार्ट

मनोऱ्याबद्दल सहमत, पण सुरुवात कोरडीही नको. पहिल्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाचा आवाज एकदा तरी हॉलमध्ये उमटायला हवा. जोडीने बसवा, प्रश्न कामातलाच द्या: 'सुपरवायझर झाल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यात अवघड काय गेलं?' तीन मिनिटं बोलायचं आणि मग प्रत्येकाने स्वतःचं न सांगता जोडीदाराचं एका वाक्यात सांगायचं. स्वतःची अडचण सांगायला संकोच वाटतो, दुसऱ्याची सांगायला वाटत नाही. मराठी-हिंदी मिसळून चालू द्या. बिहार-यूपीकडचा सुपरवायझर असेल तर सूचना दोन्ही भाषांत द्या आणि चिठ्ठ्याही.

लाईन_चार

'बघून शिक' या मुद्द्यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करायचं होतं, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम निघाला. त्यातल्या काम शिकवण्याच्या पद्धतीच्या चार पायऱ्या आजही जशाच्या तशा चालतात: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. दहा जणांचा वर्ग, दोन-दोन तासांची पाच सत्रं, अशी त्याची मूळ बांधणी होती.

त्यातलं विजेच्या वायरच्या गाठीचं प्रात्यक्षिक जरूर घ्या. बल्बच्या होल्डरच्या आत मारायची ही गाठ. वायरला ओढ बसली तर ती गाठीवर यावी, स्क्रूवर येऊ नये, म्हणून ती असते. एका सहभागीला आधी नुसतं तोंडाने सांगून गाठ मारायला लावा, जमत नाही. मग दुसऱ्याला न बोलता, समोरासमोर उभं राहून नुसती करून दाखवा, तरी जमत नाही, कारण त्याला सगळं उलटं दिसतं. तिसऱ्या वेळी शेजारी उभं राहून, एकेक पायरी, त्यातली नेमकी खुबी आणि त्या खुबीचं कारण सांगत शिकवा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना पायरी, खुबी, कारण त्याच्याच तोंडून वदवून घ्या. वीस मिनिटांत हॉलला कळतं की आपण नव्या ऑपरेटरला पहिल्या दोन पद्धतींनीच शिकवत होतो. मात्र आदल्या दिवशी गाठ पन्नास वेळा मारून हात बसवा. तुमचीच गाठ अडली तर सगळं प्रात्यक्षिक वाया जातं.

यानंतर प्रत्येकाला स्वतःच्या लाईनवरचं एक काम याच पद्धतीने कागदावर मोडायला द्या. पायऱ्या पाच ते सात, त्याहून जास्त झाल्या तर कामाचे दोन तुकडे करा.

गेजब्लॉक

राहिलं एक, नंतरचं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. बहुतेक ठिकाणी पहिलीवरच गाडी थांबते, जेवण आणि हॉलसकट पाचपैकी साडेचार गुण मिळतात आणि फाईल बंद होते. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ७.२ मध्ये सक्षमतेसाठी केलेल्या उपायांची परिणामकारकता तपासायला सांगितलं आहे, त्यामुळे ऑडिटर हजेरीपटाच्या पुढचं मागू शकतो.

तुमच्याकडे तीन वर्तनं आहेत, त्यांचाच अर्ध्या पानाचा तपासणी तक्ता करा. कार्यक्रमाच्या आधी एकदा, मग ३० आणि ६० दिवसांनी, प्रत्येक सुपरवायझरचं एक हँडओव्हर उभं राहून बघा आणि चार गोष्टींपैकी किती दिल्या ते मांडा. आधीचा आकडा घेतला नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून ते याच आठवड्यात सुरू करा.

आणि सेक्शन इन्चार्जची अर्ध्या तासाची बैठक कार्यक्रमाच्या आधी घ्या. सुपरवायझर परत गेल्यावर हँडओव्हरला दहा मिनिटं घेईल, नव्या माणसाला शिकवायला मशीन थोडा वेळ थांबवेल. तेव्हा इन्चार्जने 'आधी माल काढ' म्हटलं, की दोन दिवसांची मेहनत तिथेच संपते. ती दहा मिनिटं कुठून येणार, शिफ्टची वेळ पुढे-मागे करायची की बस थोडी उशिरा सोडायची, हे त्याच बैठकीत ठरवून लेखी घ्या.

शिफ्टबदल

उद्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या बदलाला जाऊन उभा राहतो. चिठ्ठ्यांचे तीन संच तयार झाले की इथेच टाकतो, त्यात कुठे उत्तर आधीच फुटतंय का ते बघा.