कोकमाच्या बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ छापावे का?

रातांबा: सावंतवाडीच्या बाजारात आगळाच्या (कोकमाच्या खारट घट्ट रसाच्या) एका बाटलीवर ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट, वार्धक्य रोखते’ असे छापलेले पाहिले. माझ्या मते हा दावा काढून टाकला पाहिजे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत अँथोसायनिन ही लाल रंगद्रव्ये, गार्सिनॉल हे पिवळे संयुग आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते, याबद्दल दुमत नाही. अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्यासाठी वापरतात त्या डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात सालीचा अर्क घातला की ते पिवळे पडते, हेही खरे. परंतु परीक्षानळीला जठर नसते, यकृतही नसते, आणि खाल्लेल्या अँथोसायनिनचा फारच थोडा अंश मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो. अशाच नळीतल्या मोजमापांवर आधारलेली अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची ‘ओरॅक’ यादी अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम ठरत नाही आणि जाहिरातींत मात्र त्यांचा सर्रास वापर होत होता.

सोलकढी: मी असहमत आहे. आमच्या घरी आजीच्या काळापासून आमसुले होतात. फळ पिकते तेव्हा पाऊस तोंडावर असतो आणि वाळवायला ऊन मिळाले नाही, तर कित्येक रातांबे झाडाखालीच कुजतात. ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दामुळे त्या फळाला चार पैसे जास्त मिळत असतील, तर त्याला एवढा विरोध का? शिवाय आपला युक्तिवाद अर्धाच आहे. मूळ रूपातील अँथोसायनिन रक्तात कमी दिसते, कारण आतड्यातील जिवाणू त्याचे लहान फिनॉलिक आम्लांत विघटन करतात आणि ती आम्ले शोषली जातात. त्यांचा हिशेब कुठे धरला?

रातांबा: हा मुद्दा मला मान्य आहे, तो मी मांडायला हवा होता. परंतु ती आम्ले शोषली जातात म्हणजे वार्धक्य थांबते, असे कसे म्हणता येईल? कोकमाच्याच कुळातील मलबारी चिंचेचा अर्क वजन घटवणारा म्हणून विकला जात असे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे तो तपासला, तेव्हा तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक फरक आढळला नाही. फिनलंडमध्ये तर बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला १९९४ मध्ये दिसला. ती शुद्ध गोळी होती, कोकम नव्हे, हे मी जाणतो. तरीही ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे हितकारकच’ हे समीकरण तिथे मोडले.

आगळ-वाटी: आपण दोघेही ताज्या सालीबद्दल बोलत आहात. अँथोसायनिन उष्णतेने, उजेडाने आणि हवेने नासते. सालीला पुन्हा पुन्हा रसाचे पूट देऊन उन्हात वाळवल्यावर, किंवा पारदर्शक बाटली दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने राहिल्यावर, त्यात किती उरले हे त्या मालाचीच तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. आगळात भरपूर मीठ असते आणि रक्तदाब असलेल्या माणसाला ते आधी ठळक अक्षरांत कळायला हवे.

सोलकढी: मिठाचे प्रमाण छापायला मी आजही तयार आहे, आणि ‘वार्धक्य रोखते’ हे शब्द आमच्या पाकिटावर कधीच नव्हते. संयुगांचे प्रमाण छापायलाही हरकत नाही. फक्त हंगामाला थोडीशी आमसुले करणाऱ्या घराने प्रत्येक घाण्याची तपासणी कोणत्या पैशातून करायची, तेवढे सांगा.