मालवण: मेलेलं प्रवाळ आणि बुटांचा प्रश्न

मालवणला स्नॉर्केलिंग (मास्क लावून पाण्यावर तरंगत खालचं प्रवाळ बघणं) करणारे काही जण म्हणतात, 'वाळूत पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडा आणला तर काय बिघडलं?' हा मुद्दा पटत नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, त्यामुळे 'मेलंय' ही सबब चालत नाही. शिवाय प्रवाळाच्या अळ्यांना बसायला कठीण पृष्ठभाग लागतो, तो मेलेल्या प्रवाळातूनही मिळू शकतो.

'बूट घातले की प्रवाळावर उभं राहायला हरकत नाही' असंही म्हणतात, ते तर साफ उलटं. बुटाने आपला पाय वाचतो, प्रवाळ नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ दिसणारं पोराइट्स नावाचं दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. नवखे लोक उभे राहतात ते बहुधा मास्कमध्ये पाणी शिरल्यावर. अशा वेळी तरंगणारी रिंग धरून उताणं व्हायचं, डोकं पाण्याबाहेर वर धरून मास्कची खालची कड किंचित उचलून पाणी सोडायचं, पट्टा नीट करायचा. मास्क बोटीतच नीट बसवून घ्या. मिशीखालून पाणी हमखास शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. आणि फोटोसाठी माशांना पाव टाकणाऱ्या गाइडला आधीच नको म्हणून सांगा.