चिलीच खेळलाच नाही, मग त्याच्या जागी दुसरा का नाही आणला?

हिंजवडीकर: 2023 ची पुण्यात बालेवाडीची टाटा ओपन टेनिस स्पर्धा आठवते का कुणाला? मी हाफ डे टाकून क्वार्टरफायनलला गेलेलो, सोबत चुलतभाऊ, तो खास साताऱ्याहून आलेला चिलीच या मोठ्या खेळाडूसाठी, आणि तिथे गेल्यावर कळलं की चिलीचचा गुडघा दुखावलाय, खेळणार नाही. समोरचा ग्रीकस्पूर रॅकेट न उचलता सेमीत आणि पुढे कपही तोच घेऊन गेला. मला इतकंच कळत नाही की लकी लूझर (क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत हरलेला, पण माघार घेतलेल्याच्या जागी येणारा) नावाचा प्रकार असतो ना, मग तो इथे का नाही आला? भाऊ अजून टोमणे मारतो.

सेकंड_सर्व्ह: लकी लूझर फक्त खेळाडूने आपली पहिली मॅच खेळायच्या आधी माघार घेतली तरच येतो. तुमचा चिलीच दुसऱ्या फेरीत एक मॅच जिंकलेला, त्यामुळे दार बंद. मग वॉकओव्हरच, म्हणजे समोरचा न खेळता पुढे.

कोथरूडचा फोरहँड: वरच्यांनी बरोबर सांगितलंय, थोडी भर घालतो. पुण्याचा ड्रॉ (सामन्यांचा तक्ता) 28 जणांचा असायचा, पण जागा 32, म्हणून पहिल्या चार सीडना (मानांकितांना) पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळता थेट दुसरी फेरी. बाकीच्यांत 3 वाइल्ड कार्ड (आयोजकांनी थेट घेतलेले), 4 क्वालिफायर (पात्रता फेरीतून आलेले), उरलेले रँकिंगवर. आता गंमत बघा, बाय मिळालेल्या सीडने पहिली मॅच खेळायच्या आधीच माघार घेतली तर लकी लूझर त्याच्या जागी बसतो आणि बायही त्यालाच मिळतो, म्हणजे क्वालिफायिंगमध्ये हरलेला माणूस थेट दुसऱ्या फेरीत! आणि उलटं पण आहे, बाय घेऊन आलेला सीड पहिलीच मॅच हरला की पुण्यासारख्या 250 दर्जाच्या स्पर्धेत रँकिंगचे पॉइंट शून्य, पैसे मात्र दुसऱ्या फेरीचे.

बाकी पुण्यात सीड बघून तिकीट काढायचं नाही हे 2018 लाच कळायला हवं होतं. त्या वर्षी 89 रँकिंगवाल्या सिमाँने सेमीत चिलीच आणि फायनलला अँडरसन, दोघांना घरी पाठवलं.

हिंजवडीकर: अच्छा म्हणजे नियमच तसा आहे. पण मग वॉकओव्हर ग्रीकस्पूरच्या नावावर विजय म्हणून धरतात का?

सेकंड_सर्व्ह: नाही, हार-जीतच्या हिशेबात धरत नाहीत. सेमीत पोचल्याचे पॉइंट मात्र मिळतात. आणि फुकटात कप नेला असं पण नाही हं, फायनलला बोंझीविरुद्ध पहिला सेट 6-4 ने गेला होता, तिथून 7-5, 6-3 ने काढली. त्याचं पहिलंच एटीपी (पुरुषांच्या मुख्य दौऱ्यावरचं) टायटल.

निवांत_नानी: मी आपली 2019 ची फायनल पाहिलेली. कार्लोविच आणि अँडरसन, दोन ताडमाड माणसं, तीन सेट, तिन्ही टायब्रेक. मान दुखून आली पण चेंडू काही दिसला नाही. कार्लोविच तेव्हा 39 चा! आता पुण्यात कुठलं एवढं.

कोथरूडचा फोरहँड: नानी, आता चॅलेंजर (एटीपीच्या खालच्या दर्जाची स्पर्धा) होते ना तिथेच. आणि रिकाम्या जागेचाच विषय निघालाय तर ऐका, 2024 ची ती चॅलेंजर जिंकलेला मोनॅकोचा व्हॅशरो, तो 2025 ला शांघायला क्वालिफायिंगच्या वेटिंग लिस्टवर होता, रँकिंग 204. वरच्यांनी माघार घेतली म्हणून घुसला आणि सेमीत जोकोविचला हरवून आख्खी मास्टर्स (250 पेक्षा कितीतरी मोठी स्पर्धा) जिंकला.

हिंजवडीकर: 2024 ला भाऊ म्हणत होता चल जाऊया. मीच म्हटलं चॅलेंजरला काय जायचं, नाव ऐकलेलं कुणी नाहीये. हा धागा त्याला दाखवत नाही 😐